सोळा हाडे माझी, दोन प्लास्टरची

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. हसू नका. पायाला कसले आले आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या मालकाचे दुसरे काहीच उरलेले नाही, तेव्हा बोलायचे काम माझ्याच गळ्यात पडले आहे. मी मागचा डावा पाय. ज्या जनावराला घेऊन मी चालत होतो ते घोड्याच्या कुळातले होते, पण उंचीने जेमतेम शेळीएवढे. आजचा घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. त्या बोटाच्या नखाला तुम्ही खूर म्हणता. मला मात्र तीन बोटे. मधले जाड, बाजूची दोन बारीक.

घोट्यापासून खाली माझ्यात अठरा हाडे आहेत. सोळा माझी, दोन प्लास्टरची. बघा, किती साधे वाक्य आहे. हे वाक्य बोलायला कोणाला एका दमापेक्षा जास्त वेळ लागला नसता. पण ज्या दिवशी ते बोलायला हवे होते त्या दिवशी कोणी बोलले नाही, आणि म्हणून आज माझ्यासमोर एक खोटी पाटी उभी आहे.

धावायच्या दिवसांतले मला फारसे आठवत नाही. एवढे आठवते की जमीन मऊ होती आणि पाणी जवळ होते. एकदा गाळात रुतलो तो रुतलोच. वर आणखी गाळ साचला, गाळाचा दगड झाला, माझ्या हाडांचाही दगड झाला. दीडएक कोटी वर्षे अशी गेली. त्या काळाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दगडाने मला एकदाही दगा दिला नाही.

मग एके दिवशी सकाळी माझ्या डोक्यावर, म्हणजे जिथे डोके असायला हवे होते तिथे, घणाचा आवाज आला. वर फरशीच्या दगडाची खाण सुरू झाली होती. तिथे दगड फोडणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. मावशींनी घण उचलला आणि तो हवेतच थांबवला. करड्या दगडात त्यांना एक तपकिरी रेघ दिसली होती. दुसरे कोणी असते तर माझी खडी झाली असती आणि आज कोणाच्या तरी अंगणात मी पसरलेला असतो. मावशींनी केसातला आकडा काढला आणि त्याने हळूहळू माती खरवडली.

मुकादम ओरडत आला. "दगडात हाड दिसलं म्हणून काय सुट्टी घ्यायची का आता?"

मावशी माझ्या शेजारी दगडावर बसकण मारून बसल्या. "मी काय उठत नाही. फोडायचं असेल तर मला घेऊन फोडा."

मुकादमाने कपाळावर हात मारला, पण त्यानेच संग्रहालयाला निरोप धाडला. संग्रहालयातली माणसे येईपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मावशींनी आजूबाजूचा सगळा चुरा चाळून पाहिला. माझ्या आतल्या बाजूच्या बोटाची टोकाची दोन हाडे नव्हती. ती त्यांना हवी होती. त्यांचे म्हणणे एवढेच, की जनावर दोन हाडे घरी ठेवून तर चालायला निघाले नसेल. पण ती हाडे सापडली नाहीत ती नाहीतच.

संग्रहालयाच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे नुसते बाई म्हणत. बाई आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि मला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगतो, ते पाणी खोटे नव्हते. बाईंनी मावशींचे दगडाने खरखरीत झालेले हात हातात घेतले. "पाटीवर पहिली ओळ तुमची असेल," त्या म्हणाल्या. "खाणीतल्या मावशींनी शोधला, असं लिहू." बरोबर एक बातमीदार होता. त्याने खाणीतच माझा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'घोड्याचा पणजोबा खाणीत सापडला!'

मी कोणाचा पणजोबा आहे हे मला स्वतःला ठाऊक नाही. कदाचित चुलत पणजोबा असेन. कुळात फांद्या फार असतात आणि बऱ्याच फांद्या मध्येच वाळून जातात. मी सांगू शकतो ते इतकेच, की एके काळी घोड्याच्या कुळातली जनावरे तीन बोटांवर चालत होती. आजच्या घोड्याच्या पायात कातडीखाली, मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना, काडीसारखी दोन बारीक हाडे असतात. ती माझ्या बाजूच्या बोटांची खूण. यावरून काय समजायचे ते शहाण्याने समजावे. मी स्वतःहून कधीच याहून जास्त दावा केला नाही. दावे करणारे दुसरे होते.

संग्रहालयाच्या तळघरात माझी डागडुजी झाली. ती करणाऱ्या कारागिराला मुले प्लास्टरकाका म्हणत, मग मोठी माणसेही तसेच म्हणू लागली. काकांच्या मिशांत कायम पांढरी पूड असे. त्यांनी माझे बाहेरच्या बाजूचे बोट मापून घेतले, आरशात दिसते तसे ते उलटे करून आतल्या बोटाची दोन हाडे प्लास्टरची घडवली आणि जागेवर बसवली. इतकी नेमकी बसली की क्षणभर मलाच बरे वाटले.

पण काकांचा एक नियम होता आणि तो त्यांनी त्यांच्या गुरूंकडून घेतला होता. भरलेल्या भागाला एक छटा फिका रंग द्यायचा. कठड्याबाहेरून पाहणाऱ्याला पाय पुरा दिसला पाहिजे, आणि हातभर अंतरावर येऊन पाहणाऱ्याला खरे कुठले, भरलेले कुठले, हे न विचारता कळले पाहिजे. "लांबून आकार, जवळून हिशोब," असे ते म्हणत. शेजारी स्वतःच्या अक्षरात त्यांनी एक कार्ड ठेवले होते, 'दोन हाडे भरलेली आहेत.' त्या कार्डाचा मला कधीच कमीपणा वाटला नाही.

ती माझी सुखाची वर्षे. शाळेच्या सहली यायच्या. काका मुलांना टेबलावर हात टेकवायला लावायचे. आधी पाच बोटांवर, मग मधल्या तीन, मग एकट्या मधल्या बोटावर हाताचा घोडा उभा करायचा. मुलांचे हात लटपटायचे, सगळी खिदळायची. "कोट्यवधी वर्षं सराव करा, जमेल," काका म्हणायचे. मुले माझ्याकडे पाहायची आणि मग स्वतःच्या हाताकडे. एवढ्यासाठी दीड कोटी वर्षे थांबलो असेन तरी चालेल, असे मला वाटायचे.

मग शहरात वाद पेटला. एक वकीलसाहेब होते, बोलण्यात सज्जन, कपड्यांत नीटनेटके. त्यांचे म्हणणे होते की प्रत्येक जनावर आज आहे तसेच घडवले गेले, कोणी कोणापासून झाले नाही, आणि शाळेच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा काढून टाकावा. त्यांनी सह्या गोळा केल्या. वर्तमानपत्रात रोज पत्रे यायला लागली, अर्धी या बाजूची, अर्धी त्या बाजूची, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांना मूर्ख म्हणत होती. शेवटी शाळा समितीने ठरवले की नगरसभागृहात दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मग मतदान करायचे. धड्याच्या बाजूने बाई बोलणार होत्या. पुरावा म्हणून मी जाणार होतो.

त्या आठवड्यात बातमीदार पुन्हा आला. त्याला पहिल्या पानासाठी नवा फोटो हवा होता. त्याने कॅमेऱ्यातून पाहिले आणि नाक मुरडले. "ही दोन हाडं फिकी दिसतायत. ठिगळ लावल्यासारखी."

बाई काकांना म्हणाल्या, "यांना बाकीच्या हाडांसारखा रंग देऊन टाका."

काकांनी ब्रश खाली ठेवला. "बाई, नियम आहे. हातभर अंतरावरून फरक दिसायला हवा."

"फोटोपुरतं हो. लोकांना ठिगळ दिसलं की लोक ठिगळच बघत बसतात. पाय कोणी बघत नाही. आता वेळ कशी आहे ते तुम्हाला माहितीये ना?"

"आणि फोटो झाल्यावर?"

"मग पुसून टाका. मी कशाला अडवू?"

काकांनी रंग दिला. फार सुरेख दिला, हेच दुर्दैव. माझ्या हाडांचा तपकिरी रंग, त्यावरचे काळसर डाग, सगळे हुबेहूब उतरले. फोटो पहिल्या पानावर आला. खाली मोठ्या अक्षरांत होते, 'उत्क्रांतीचा निर्णायक पुरावा!' दुसऱ्या दिवशी काका रंग पुसायला आले तर बाई म्हणाल्या, सभा होऊन जाऊ दे. कार्डही बदलले. नवे कार्ड छापून आले, गुळगुळीत आणि देखणे. त्यात बाईंचे पद होते, संग्रहालयाचे चिन्ह होते. भरलेल्या हाडांची ओळ नव्हती. मावशींची ओळ तर पहिल्यापासूनच राहून गेली होती. जागा पुरली नाही म्हणे.

सभेच्या दिवशी काकांनी मला कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवले आणि ती पेटी सगळा रस्ता मांडीवर धरली. सभागृह खचाखच भरलेले. दारातही माणसे उभी. मावशींना कोणी बोलावले नव्हते.

बाई छान बोलल्या. वीस मिनिटे बोलल्या. शेवटी त्यांनी मला दोन्ही हातांत उचलले आणि म्हणाल्या, "हा पाय खोटं बोलू शकत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला.

वकीलसाहेब उठले. आधी त्यांनी शांतपणे विचारले, "बाई, हे जनावर चालत होतं म्हणता. तुम्ही तिथं होतात का?"

लोक हसले. मी मनात ओरडलो, मी होतो! मी होतो की तिथे! पण दगडाला आवाज नसतो.

मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची दोन कात्रणे काढली. एक खाणीतले, पहिल्या दिवसाचे. दुसरे याच आठवड्यातले. दोन्ही त्यांनी उंच धरली. "पहिल्या फोटोत या बोटाला दोन हाडं कमी आहेत. दुसऱ्यात बोट पूर्ण आहे. आणि कार्डावर याबद्दल एक अक्षर नाही. आता मला सांगा, ही दोन हाडं मधल्या काळात उगवली का?"

मित्रांनो, त्या क्षणी मी अजिबात घाबरलो नव्हतो. उत्तर किती सोपे होते! 'ती दोन प्लास्टरची आहेत, सोळा खरी आहेत, रंग मी द्यायला लावला, चुकले.' बस, इतकेच. खाली समितीची माणसे बसली होती, काहींचे मत तर अजून ठरायचे होते. एवढे म्हटले असते तर लोक थोडे कुरकुरले असते आणि मग सोळा हाडे पाहायला जवळ आले असते.

बाईंनी मला टेबलावर ठेवले आणि त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. हे आमच्या कारागिराचं काम आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत काका रिकामी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ते उभे राहिले. त्यांच्या मिशांत तेव्हाही पांढरी पूड होती. त्यांनी बाईंकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. बाईंनी पाण्याचा पेला उचलला.

"रंग माझ्याच हातचा आहे," काका म्हणाले. आणि खाली बसले.

वकीलसाहेबांनी मला फसवले असे मी म्हणत नाही. ते पहिल्यापासून माझ्या विरुद्ध होते आणि तसे तोंडावर सांगत होते. त्यांनी जे दाखवले ते खरेच होते. मला फसवले ते मला पाहून रडणाऱ्या माणसाने. ज्यांनी हातांत उचलून मला खोटे बोलता येत नाही असे सांगितले, त्यांनीच मला खोटे बोलायला लावले आणि वेळ आली तेव्हा हात झटकले. आणि काका, तुमच्यावरही माझा राग आहे. तुम्ही एक वाक्य बोललात आणि दुसरे गिळलेत. बाईंची अब्रू राखलीत. माझे काय?

मतदान झाले. धडा पुस्तकाच्या शेवटी गेला, 'वेळ उरल्यास वाचा' या सदरात. परीक्षा तोंडावर असताना वेळ कोणाला उरतो? दुसऱ्या दिवशी त्याच बातमीदाराची बातमी पहिल्या पानावर होती, 'पाय बनावट निघाला!' आठवड्याने एका भूगर्भतज्ज्ञाचे पत्र आले की सोळा हाडे अस्सल आहेत. ते सातव्या पानावर, चपलांच्या जाहिरातीखाली, चार ओळींत छापले. ते कोणी वाचले असेल तर मला कळवा.

काकांना कोणी काढले नाही. त्यांनी स्वतःच किल्ली टेबलावर ठेवली. जाताना ते माझ्यापाशी आले, अंगठ्याने त्या दोन हाडांवरून हात फिरवला. रंग पुसायचा असावा त्यांच्या मनात. पण खिशात ओला बोळाही नव्हता, आणि बाहेर कोणीतरी हाक मारत होते. पुढे म्हणे ते घरांच्या छतांना प्लास्टरची नक्षी करून देत. तिथे खरे काय आणि भरलेले काय, असे कोणी विचारत नाही.

आणि मग माझी पाटी आली. संग्रहालयाला पुन्हा वाद नको होता. वाद टाळायचा सगळ्यात सोपा उपाय बाईंनी शोधला. पाटीवर लिहिले, 'तीन बोटांच्या घोड्याचा पाय. प्लास्टरची प्रतिकृती.' झाले! सोळा हाडांचे प्लास्टर करायला त्यांना दोन शब्द पुरले. वकीलसाहेबांनी मला दोन हाडांपुरते खोटे ठरवले होते, माझ्या माणसांनी मला सबंध खोटे ठरवले.

मला काचेच्या पेटीत घालून जिन्याच्या वळणावर खिडकीशी ठेवले, आग विझवायच्या वाळूच्या बादलीशेजारी. चौदा वर्षे मी तिथे आहे. मुले धडाधड जिना उतरतात. एखादे थांबते, तर दुसरे म्हणते, "चल रे, खोटं आहे ते." शिक्षक पाटी वाचतात आणि मान डोलावतात. बादलीत वाळूपेक्षा गोळ्यांचे कागद जास्त आहेत.

पण खिडकीतून दुपारचे ऊन माझ्यावर पडते. काकांनी दिलेला रंग उन्हाने वर्षावर्षाला उडत गेला. माझ्या हाडांचा रंग उडत नाही, तो दगडाचा आहे. आज ती दोन हाडे फिकट झाली आहेत, काकांना हवी होती तशी, बरोबर एक छटा. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी जिना उतरताना माझ्यापाशी थांबल्या. त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ होता. त्यांनी चष्मा लावला, वाकून त्या दोन हाडांकडे पाहिले. मला वाटले, आता बोलतील. त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला आणि जिना उतरून गेल्या.

मागच्या महिन्यात एक म्हातारी आली. काठी टेकत, कठड्याला धरत. वर जायला निघाली होती, वळणावर मला पाहून थबकली. तिचा आवाज ऐकला आणि मी ओळखले. मावशी! घणाचा आवाज विसरेन, तो आवाज विसरणार नाही.

"अहो, इकडं या जरा," त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. "ही पाटी वाचून दाखवा. माझ्याबद्दल काय लिहिलंय बघा."

पहारेकऱ्याने वाचली.

"पुढं?"

"पुढं काही नाही, आजी. एवढंच आहे. प्लास्टरची प्रतिकृती."

मावशी काठी भिंतीला टेकवून माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे बोट काचेवरून फिरू लागले. "हे दोन तुकडे तेव्हा नव्हते. दोन दिवस चाळलं मी, नाही मिळाले. हे कुणीतरी मागून बसवलेत. पण बाकीचे? बाकीचे मी दगडातनं काढलेत, या हातांनी. घरी नातवंडं हसतात मला. म्हणतात, आजी थापा मारते, तो पाय तर खोटा आहे."

"पण आजी, पाटीवर लिहिलंय ना."

"पाटी लिहिणारा होता का तिथं?"

"कुठं?"

"खाणीत. मी होते."

पहारेकरी भला माणूस. पाटी बदलणे त्याच्या हातात नव्हते. त्याच्या हातात होती दाराजवळच्या टेबलावरची अभिप्रायाची वही, ज्यात लोक 'छान', 'पंखा बंद आहे' असे लिहून जातात. ती तो वर घेऊन आला. मावशींनी सांगितले तसे त्याने लिहिले, 'हा पाय मी काढला. दोन हाडे नव्हती. सोळा होती.' मग तिकिटांवर शिक्का मारायची निळ्या शाईची पेटी पुढे केली.

मावशींनी अंगठा टेकवला. दगड फोडून फोडून अंगठ्याच्या रेघा झिजून गेल्या होत्या. कागदावर कडेच्या चार रेघा उमटल्या, मध्ये कोरेच राहिले.

"पुरा नाही आला," पहारेकरी म्हणाला. "थांबा, मधल्या रेघा मी पेनानं भरून देतो."

मावशींनी वही बंद केली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "जेवढा उमटला तेवढा माझाच आहे."

मित्रांनो, पाटी अजून तीच आहे. तुम्ही संग्रहालयात आलात तर पाटी जरूर वाचा, पण आधी दाराजवळची वही उघडा. मागच्या महिन्याचे पान आहे, निळा डाग लगेच सापडेल. मग जिन्याच्या वळणावर या, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहा, आणि मोजा.